आरोग्य-ग्रंथपालांची जागतिक परिषद : लंडन ते साल्वादोर



आरोग्यविज्ञानाच्या ग्रंथपालांची एक जागतिक परिषद १९५३ पासून भरत आली आहे. तिला जाऊन आलेली माणसे आपल्या देशातही आहेत. ही गोष्ट एका साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगण्याचे कारण काय, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. ग्रंथपालाची आपल्याला आठवण होते ती पुस्तक मुदतीत परत केले नाही म्हणजे. रुग्णालयातही ग्रंथालय असते हे तर तिथे पंधरा दिवस पडून राहिलेल्या रोग्याला ठाऊक नसते. तरी या इतिहासाचे एक टोक आपल्याच शहरात आहे, म्हणून विषय निवडला.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेजवळ बेगमपेठेच्या लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे रंगद्रव्य असलेल्या पेशी दिसल्या. ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. आपण कोणत्या जातीचा डास चिरला हे रॉस यांना शास्त्रीय नावाने सांगता येत नव्हते. डासांचे वर्गीकरण सांगणारा ग्रंथ त्यांच्या हाताशी नव्हता. म्हणून त्यांनी आपल्यापुरती नावे पाडली : करडे डास, पट्टेरी डास आणि ठिपकेदार पंखांचे डास. हे तिसरे म्हणजे आज आपण ज्यांना ॲनॉफिलिस म्हणतो ते. रॉस यांचे खरे ग्रंथालय होते लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांची पत्रे. ती आगबोटीने यायची, उत्तरही आगबोटीने जायचे आणि प्रत्येक शंकेमागे आठवडे उलटायचे. लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाचा परजीवी शोधला होता. रॉस यांचा मात्र त्यावर विश्वास बसला तो १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेल्यावर, मॅन्सन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला तेव्हा. त्याआधी रॉस यांनी त्याच्या विरोधात लिहिलेही होते.

बेगमपेठेचा शोध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १८ डिसेंबर १८९७ च्या अंकात छापून आला. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला होणारा हिवताप ॲनॉफिलिसमुळे पसरतो असे दाखवले. ग्रासी मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. डासाचे नाव त्यांना ठाऊक होते आणि नाव सांगण्याची शिस्तही त्यांच्या हाडात होती. श्रेय कोणाचे यावरून दोघांत जे भांडण जुंपले ते १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाल्यावरही मिटले नाही. या वादात न्याय करण्याचा माझा अधिकार नाही. पण डासाचे नाव सांगणारे एक पुस्तक त्या वेळी बेगमपेठेत असते तर ग्रासींच्या बाजूचा एक मुद्दा तरी कमी झाला असता. ज्याला ज्ञान हवे तो एका गावी आणि ज्ञान छापलेले दुसऱ्या गावी, हीच आरोग्य-ग्रंथपालांच्या धंद्याची मूळ अडचण आहे. आज सांगणार आहे तो सारा इतिहास या अडचणीचा आहे.

रॉस यांच्या शोधानंतर आठ-नऊ महिन्यांनी, २ मे १८९८ रोजी, फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या कचेरीत आठ माणसे जमली. चार ग्रंथपाल होते आणि चार डॉक्टर. त्यांनी वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना काढली. पुढे १९०७ मध्ये तिचे नाव ‘मेडिकल लायब्ररी असोसिएशन’ झाले. साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज गूल्ड, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या ग्रंथपाल मार्गारेट चार्ल्टन आणि पुढे संघटनेचे अध्यक्ष झालेले विल्यम ऑस्लर यांची नावे तिच्या जन्माशी जोडलेली आहेत. संघटनेचे पहिले काम फार साधे होते. एका ग्रंथालयात एखाद्या नियतकालिकाचे दोन अंक पडलेले असत आणि दुसऱ्या ग्रंथालयात तोच अंक नसे. जादा अंक एके ठिकाणी जमवायचे आणि ज्याला हवे त्याला पाठवायचे. आपल्याकडे बायका वाण पोचवतात तसा हा व्यवहार होता. त्यात पैशाला काम नव्हते, ओळखीला होते. या देवाणघेवाणीची धुरा पुढे बाल्टिमोरच्या मार्शिया नॉईस यांनी वर्षानुवर्षे वाहिली. त्या आपल्या ग्रंथालयाच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर राहत. अध्यक्षपद मात्र डॉक्टरांकडे असायचे. डॉक्टर नसलेली आणि स्त्री असलेली पहिली अध्यक्ष म्हणून नॉईसबाई निवडून आल्या त्या १९३३ मध्ये, म्हणजे संघटना पस्तीस वर्षांची झाल्यावर. ग्रंथपालांच्या संस्थेला ग्रंथपाल अध्यक्ष मिळायला इतका काळ लागावा, हे आपल्या काही साहित्यसंस्थांचे कारभार पाहिलेल्या माणसाला नवल वाटणार नाही.

ओघात एक गोष्ट सांगतो. याच फिलाडेल्फियात बारा वर्षांपूर्वी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी एम. डी. झाल्या होत्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. आनंदीबाईंवर आपण चरित्रे, कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट केले. तो प्रबंध जपून ठेवला तो मात्र तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागाराने.

या मंडळींच्या हाती एक हत्यार आधीच आले होते. अमेरिकी लष्करातले शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांनी यादवी युद्धानंतर लष्करी वैद्यकखात्याचे लहानसे ग्रंथालय ताब्यात घेतले आणि जगातले वैद्यकीय वाङ्मय तिथे जमवायला सुरुवात केली. नुसते जमवून भागत नाही, सापडले पाहिजे. म्हणून त्यांनी १८७९ पासून ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची काढली आणि १८८० पासून ग्रंथालयाच्या सूचीचे जाडजूड खंड. कोणत्या रोगावर कोणी, कुठे, कधी लिहिले हे त्यात विषयवार लावलेले असे. बिलिंग्ज यांनी आणखी एक काम केले : बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा आराखडा त्यांचा. या रुग्णालयाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातली आणि आशियातली कित्येक वैद्यकीय ग्रंथालये बाँबखाली गेली. जी उरली त्यांच्या नियतकालिकांच्या रांगांत सहा-सहा वर्षांची भगदाडे पडली. युद्ध संपल्यावर ही भगदाडे बुजवण्याचे काम निघाले आणि त्यातून वेगवेगळ्या देशांतल्या ग्रंथपालांचा पत्रव्यवहार वाढला. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. जुलै १९५३ मध्ये लंडनला वैद्यकीय ग्रंथपालांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

त्या उन्हाळ्यातले लंडन कसे होते ते ध्यानात घ्यावे. नुकताच राणीचा राज्याभिषेक झाला होता, एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी ताजी होती आणि युद्ध संपून आठ वर्षे झाली तरी साखर अजून शिधापत्रिकेवर मिळत होती. अशा शहरात निरनिराळ्या देशांतून सूचीकार आणि ग्रंथपाल आले. वेलकम संग्रहाचे डब्ल्यू. जे. बिशप, शल्यवैद्यांच्या रॉयल कॉलेजचे ल फानू, वैद्यकेतिहासाची प्रसिद्ध सूची सिद्ध करणारे लेस्ली मॉर्टन अशी ब्रिटनमधली या क्षेत्रातली माणसे त्या पिढीतली. परिषदेचा वृत्तांत पुढे ‘लिब्री’ या ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. वर्गीकरण, सूची, नियतकालिकांची अदलाबदल, प्रतिमुद्रा, ग्रंथपालांचे शिक्षण असे त्या काळचे विषय आज वाचताना रुक्ष वाटतात. पण अशा परिषदेचे खरे फळ निबंधांत शोधू नये. ते चहाच्या वेळी एकमेकांच्या वहीत लिहून घेतलेल्या पत्त्यांत असते. एखाद्या दूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातला प्राध्यापक एक जुना लेख मागतो तेव्हा ‘ग्रंथपाल, लंडन’ अशा कोऱ्या नावाने पत्र टाकणे वेगळे आणि ज्याच्याबरोबर आपण पाच दिवस जेवलो त्याला टाकणे वेगळे. दुसऱ्या पत्राला उत्तर लवकर येते आणि कित्येकदा बिल येतच नाही.

त्यानंतर परिषद भरली १९६३ मध्ये वॉशिंग्टनला. दहा वर्षांत बोलण्याचा विषय पार बदलला होता. बिलिंग्ज यांचे लष्करी ग्रंथालय १९५६ मध्ये कायद्याने ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ झाले होते, बेथेस्डाच्या नव्या इमारतीत गेले होते आणि ‘इंडेक्स मेडिकस’चे काम संगणकावर नेण्याच्या तयारीत होते. मेडलार्स ही पद्धत १९६४ च्या जानेवारीत सुरू झाली. जगभरचे वैद्यकीय लेख एका यंत्रात भरले जाणार आणि प्रश्न विचारताच यादी मिळणार, ही कल्पना त्या पिढीला किती थरारक वाटली असेल! पुढे १९७१ मध्ये मेडलाइन आली आणि दूरच्या गावाहून तारेने प्रश्न विचारता येऊ लागला. १९९७ मध्ये तीच सूची पबमेड या नावाने महाजालावर सर्वांना फुकट खुली झाली.

परिषदेची पुढली मुक्कामाची गावे एका दमात सांगून टाकतो : ॲमस्टरडॅम १९६९, बेलग्रेड १९८०, टोकियो १९८५, दिल्ली १९९०, पुन्हा वॉशिंग्टन १९९५, पुन्हा लंडन २०००, साल्वादोर २००५, ब्रिस्बेन २००९, बॉस्टन २०१३. दरम्यान आफ्रिकेतल्या आरोग्य-ग्रंथपालांनी १९८४ मध्ये ब्राझाव्हिलला आपली संघटना काढली आणि युरोपीयांनी १९८७ मध्ये. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय ग्रंथालय संघ १९८१ चा.

गावांची ही यादी पाहिली की पहिला प्रश्न सुचतो : जायचे कोणी? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने लंडनला किंवा टोकियोला जायचे म्हणजे आधी अधिष्ठात्यांची शिफारस, मग संचालनालयाची परवानगी, मग मंत्रालयाची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेकडून परकीय चलन. त्या काळात ते मोजून मिळायचे, आणि प्राध्यापक-डॉक्टरांच्या रांगेत ग्रंथपालाचा नंबर शेवटी. विमानाचे भाडे, नोंदणीशुल्क आणि राहण्याचा खर्च यांची बेरीज त्याच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी व्हायची. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने अमेरिकन संघटनेने १९४८ पासून परदेशी ग्रंथपालांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांचा काही जणांना उपयोग झाला, पण शिष्यवृत्ती मिळालेल्यांच्या यादीवरून न मिळालेल्यांची कल्पना येत नाही. ज्ञानाच्या असमान वाटणीवर जिथे चर्चा होते तिथे पोहोचण्याचे भाडेच त्या असमानतेच्या बळींना परवडू नये, ही या परिषदांची जन्मखोड. आणि परिषदांत बसणाऱ्या भल्या माणसांनाही ती ठाऊक होती.

म्हणून १९९० ची दिल्ली मला महत्त्वाची वाटते. २४ ते २८ सप्टेंबर या दिवसांत सहावी परिषद दिल्लीत झाली. भारतीय ग्रंथपालाला जागतिक परिषदेला रेल्वेचे तिकीट काढून जाता आले. काळ मात्र शांत नव्हता. मंडल आयोगावरून दिल्लीतले विद्यार्थी रस्त्यावर होते आणि परिषदेच्या चार-पाच दिवस आधी एका विद्यार्थ्याने स्वतःला पेटवून घेतले होते. इराकने कुवेत गिळल्यामुळे तिथले भारतीय विमानांनी परत आणले जात होते, तेल महागले होते आणि देशाची परकीय गंगाजळी आटत चालली होती. पुढल्या वर्षी तर सोने गहाण ठेवावे लागले. परदेशी नियतकालिकांची वर्गणी डॉलर-पौंडांत भरायची असते. रुपया घसरला की ग्रंथालयात येणाऱ्या नियतकालिकांची संख्या घटते, हे सूत्र सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. त्या दशकातली नियतकालिकांची नोंदपुस्तके उघडली तर ‘बंद’ असा शेरा पानोपानी दिसतो.

दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. आरोग्यसेवा महासंचालनालयाच्या ग्रंथालयाला १९६६ मध्ये हे नाव मिळाले. गावोगावच्या डॉक्टरांच्या मागणीप्रमाणे लेखांच्या छायाप्रती काढून टपालाने पाठवण्याचे काम तिथे चाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र यांनी मिळून मेडलार्सचे भारतीय केंद्र १९८६ मध्ये सुरू केले होते. पण एक दुखणे होते. मेडलाइनमध्ये भारतातल्या बहुतेक वैद्यकीय नियतकालिकांना जागाच नव्हती. आपल्या डॉक्टरने आपल्या रोग्यांविषयी आपल्या देशातल्या नियतकालिकात लिहिलेला लेख आपल्याच दुसऱ्या डॉक्टरला सापडत नसे, कारण सूची बेथेस्डात बनायची. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने ऑगस्ट १९९५ मध्ये तिसऱ्या जगातल्या या हरवलेल्या विज्ञानावर मोठा लेख छापला तेव्हा जगाला ते कळले. आपल्याला आधीपासून ठाऊक होते. पुढे त्या भारतीय केंद्राने ‘इंडमेड’ ही भारतीय नियतकालिकांची वेगळी सूची काढली. १९५५ पासून निघणारे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ तर महाजालावर सर्वांना फुकट वाचायला मिळू लागले.

आता बाल्टिमोरकडे परत. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याच्या एका अभ्यासासाठी चोवीस वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवक तरुणीला हेक्झामेथोनियम हे औषध हुंगायला दिले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि २ जूनला ती गेली. चौकशीत निघाले की संशोधकाने पबमेडमध्ये शोध घेतला होता, पण त्या वेळी पबमेड १९६६ पासून पुढचेच वाङ्मय दाखवी. या औषधाने फुप्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील सूचीच्या जुन्या खंडांत, कपाटात उभे होते. अमेरिकी सरकारने त्या संस्थेतले, सरकारी पैशावर चालणारे माणसांवरचे संशोधन काही दिवस थांबवले. रुग्णालयाचा आराखडा ज्याने आखला त्यानेच जगाला वैद्यकीय सूची शिकवली होती. त्याच्याच रुग्णालयात ती जुनी सूची उघडली गेली नाही. जगभरच्या आरोग्य-ग्रंथपालांत ही घटना फार बोलली गेली. ग्रंथपाल चुकला तर काय बिघडते, असे विचारणाऱ्याला त्यानंतर वेगळे उत्तर द्यावे लागले नाही.

त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट घडली. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये पाहणी केली होती. माणशी वार्षिक उत्पन्न हजार डॉलरहून कमी असलेल्या देशांतल्या ५६ टक्के वैद्यकीय संस्थांत एकाही आंतरराष्ट्रीय नियतकालिकाची चालू वर्गणी नव्हती. आफ्रिकेतल्या जिल्हा-केंद्रांसाठी ही संघटना निळ्या पत्र्याच्या पेटीत शंभरावर पुस्तके भरून पाठवीत असे. त्या निळ्या पेट्यांविषयी वाचले तेव्हा मला बडोदे आठवले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डेन नावाचा ग्रंथपाल आणला आणि लाकडी पेट्यांतून खेडोपाडी फिरती वाचनालये धाडली. गरीब वाचकाच्या दारी ग्रंथ न्यायचा तर पेटीहून चांगली युक्ती नव्वद वर्षांनीही कोणाला सुचली नव्हती. जुलै २००१ मध्ये मात्र सहा बड्या प्रकाशनसंस्थांनी गरीब देशांना आपली नियतकालिके महाजालावर फुकट किंवा नाममात्र दरात देण्याचे कबूल केले. ‘हिनारी’ नावाची ही योजना जानेवारी २००२ मध्ये सुरू झाली. हजार डॉलरहून कमी उत्पन्नाच्या देशांना ती फुकट होती.

भारताचे माणशी उत्पन्न तेव्हा हजार डॉलरच्या निम्म्याच्या आसपास होते. तरीही भारत यादीत नव्हता. कारण सरळ होते : भारतात या प्रकाशकांचा धंदा होता, वर्गणी भरणाऱ्या संस्था होत्या. म्हणजे पुण्या-मुंबईच्या दोन-चार श्रीमंत संस्था वर्गणी भरतात म्हणून उस्मानाबादच्या किंवा गुलबर्ग्याच्या डॉक्टरला फुकट वाचायचा हक्क नाही. याला प्रकाशकांचे औदार्य म्हणावे की हिशेब, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो हिशेब वाटतो. पण ज्या देशांना हिनारी मिळाली त्यांना तिचा फार उपयोग झाला, हेही तितकेच खरे आहे.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २००५ मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर शहरात नववी परिषद भरली. समन्यायाशी बांधिलकी हे तिचे सूत्र होते. साल्वादोर म्हणजे बाहिया, पोर्तुगीज ब्राझीलची पहिली राजधानी. गोव्याहून लिस्बनला परतणारी गलबते एके काळी इथे थांबत आणि आपल्याकडचे फणस-आंबे त्या मातीत रुजले ते त्याच वाहतुकीतून. यजमान होती ‘बिरेमे’. ब्राझीलच्या सरकारशी करार करून पॅन-अमेरिकन आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये साओ पाउलोत काढलेले हे विभागीय वैद्यकीय ग्रंथालय. या संस्थेची कामगिरी नीट पाहण्यासारखी आहे. मेडलाइनमध्ये आपल्याला जागा नाही म्हणून तक्रार करीत न बसता तिने लॅटिन अमेरिकेतल्या वैद्यकीय वाङ्मयाची स्वतःची सूची काढली. १९९७ पासून ब्राझीलच्या एका संशोधन-निधीसंस्थेबरोबर ‘सायेलो’ उभी केली. इथे निवडक स्थानिक नियतकालिके संपूर्ण आणि फुकट वाचता येतात. तिकडे श्रीमंत देशांत मुक्त प्रवेशावर जाहीरनामे निघत होते तेव्हा इथे काम चालू होऊन काही वर्षे लोटली होती.

२३ सप्टेंबरला परिषदेत विकसनशील देशांच्या बाजूने मुक्त प्रवेशाचा जाहीरनामा मांडला गेला. सरकारी पैशाने झालेले संशोधन सर्वांना फुकट वाचता आले पाहिजे. प्रकाशनाचा खर्च हा संशोधनाच्या खर्चाचाच भाग धरावा. स्थानिक नियतकालिके बळकट करावी. विकसनशील देशांतले ज्ञान जगाच्या ज्ञानात मिसळले पाहिजे. शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. हिनारीत गरीब देश घेणारा असतो. या जाहीरनाम्यात तो देणाराही आहे. पुढल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत याच धर्तीवर विकसनशील देशांसाठी धोरणाचा नमुना तयार झाला.

देणाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या योजनेचे काय होते हे जानेवारी २०११ मध्ये दिसले. काही प्रकाशकांनी बांगलादेशाला हिनारीतून मिळणारी आपली नियतकालिके अचानक बंद केली. गवगवा झाला. ‘द लॅन्सेट’ने संपादकीय लिहून निषेध केला. हे नियतकालिक ज्या संस्थेच्या मालकीचे, ती संस्था नियतकालिके बंद करणाऱ्यांतलीच होती! थोड्याच दिवसांत प्रवेश परत मिळाला. भारताने अखेर वेगळी वाट धरली. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि त्यात तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. उस्मानाबादच्या शासकीय महाविद्यालयाला दार उघडले, पण त्याची किल्ली साठ अब्ज रुपयांना विकत घ्यावी लागली. आणि मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांनी लेखकाकडूनच शुल्क घ्यायला सुरुवात केल्यामुळे गरीब डॉक्टरला आता वाचता येते, पण लिहिलेले छापणे परवडत नाही. साल्वादोरच्या जाहीरनाम्यात प्रकाशनाचा खर्च संशोधनात धरा असे जे म्हटले होते, त्याचा हा असा अर्थ लागेल असे तो लिहिणाऱ्यांना अभिप्रेत नसावे.

साहित्यसंस्थेत बोलतो आहे तेव्हा भाषेविषयी न बोलता थांबता येणार नाही. बेथेस्डाच्या ग्रंथालयाने १९६० मध्ये वैद्यकीय विषयशीर्षकांची प्रमाण यादी छापली. कोणत्या रोगाला सूचीत कोणते नाव द्यायचे हे ती ठरवते. बिरेमेने या यादीचे पोर्तुगीज आणि स्पॅनिश रूप सिद्ध केले. त्यामुळे ब्राझीलच्या खेड्यातली परिचारिका आपल्या भाषेत रोगाचे नाव टाकते आणि तिला तिन्ही भाषांतले लेख सापडतात. हे काम दिसायला कारकुनी आहे, पण त्यामागे एका भाषेने स्वतःचा शास्त्रीय संसार मांडलेला आहे.

आपल्या शहराने असा संसार एकदा मांडला होता. उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जाई आणि त्यासाठी १९१७ मध्ये निघालेल्या दार-उल-तर्जुमाने शरीरशास्त्रापासून पुढची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली. मराठवाड्यातल्या मराठी मुलांनी ती वाचून परीक्षा दिल्या. मातृभाषा सोडून दुसऱ्याच देशी भाषेत, ही त्यातली मेख आहेच. मराठी शाळांसाठी झगडलेल्या आपल्या आधीच्या पिढीला तिचा सल होता. १९४८ नंतर तो प्रयोग गुंडाळला गेला. पण देशी भाषेत आधुनिक वैद्यक मावत नाही असे म्हणणाऱ्याला हैदराबादेत तरी तसे म्हणता येऊ नये.

मराठीत विषयशीर्षकांची अशी यादी नाही. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. त्यांत एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द असतो. ग्रंथपालाला उलटे लागते. पटकी, जरीमरी, महामारी, वाखा, मोडशी : शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी वृत्तपत्रांत, पत्रांत आणि दप्तरांत कॉलऱ्याचा शोध घेणाऱ्याला ही सारी नावे एका ठिकाणी जोडलेली हवीत. शिवाय ‘महामारी’ म्हणजे दर वेळी कॉलराच असेल असेही नाही, हेही कोणीतरी नोंदवून ठेवलेले हवे. यातला मोडशी हा शब्द तर फार लांब जाऊन आला आहे. गार्सिया द ऑर्ता यांनी गोव्यात राहून लिहिलेला औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यात पटकीच्या वर्णनात हा देशी शब्द आला. चार वर्षांत क्लुसियस यांनी त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला काढला आणि युरोपभर तो वाचला गेला. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचे ‘मोर्देशीं’ झाले. फ्रेंचांनी त्याचा ‘मोर-द-शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा अर्थ लावून घेतला आणि इंग्रजांनी तोच शब्द उचलला. या घोळात युरोपातले वैद्य दोन-तीनशे वर्षे हा शब्द फ्रेंच समजून वापरीत होते. त्याचे खरे मूळ कोकणात आहे हे पुढे कोशकारांना शोधून काढावे लागले.